पेशवाई लूक, पिवळी अष्टपुत्री आणि पणजीचा शालू : जुन्या मराठी नवऱ्या लग्नात खरंच काय नेसायच्या

तू तीन गोष्टी विचारल्यास. डिसेंबरात लग्न आहे आणि बुटीकवाली म्हणते पेशवाई लूकच खरा पारंपरिक, तर ते किती खरं? दुसरं, पणजीच्या लग्नाच्या फोटोत ती काळ्या लुगड्यात दिसतेय, मग पूर्वी लग्नात काळं चालायचं का? आणि तिसरं, पणजीचा म्हणून जपलेला शालू कापून त्याची शिवलेली नऊवारी करून घ्यावी का? तिसऱ्याचं उत्तर आधी देते कारण ते तातडीचं आहे. कापू नकोस, शिंप्याकडे दिला असशील तर आजच परत आण. का ते खाली सांगतेच. मी नवऱ्यांना नेसवायचं काम करते, नाटकांसाठी जुन्या काळचे कपडे करून देते आणि लोकांच्या घरातली जुनी लुगडी दुरुस्त करते, त्यामुळे जे सांगतेय ते बहुतेक हाताळून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढ की मराठी नवरीचा एक ठरलेला पोशाख होता. तसा तो नव्हताच. लग्न म्हणजे दोन-तीन दिवस किंवा त्याहून जास्त चालणारं कार्य, त्यात हळद, सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, विवाहहोम, सप्तपदी, मग ऐरणीदान, सूनमुख, सासरी गेल्यावर लक्ष्मीपूजन, आणि यातल्या प्रत्येक टप्प्याला अंगावर काय असावं हे ठरायचं ते वस्त्र कोणी दिलं यावरून. मामाने काय दिलं, आईबापांनी काय दिलं, सासरच्यांनी काय आणलं. नवरी जसजशी माहेरची सासरची होत जाई तसतशी तिची वस्त्रं बदलत जात आणि मांडवातल्या प्रत्येक बाईला बघताक्षणी कळायचं की विधी कुठवर आलाय. आपण आज फक्त "लूक" बघतो, एकच, फोटोत चांगला दिसणारा, आणि त्यामुळे त्या वस्त्रांमागची देवाणघेवाण पार पुसली गेली. माझी सगळ्यात मोठी तळमळ हीच आहे.

आता मुख्य वस्त्र कोणतं? तर पिवळी अष्टपुत्री. ही आजोळकडून येते, म्हणजे मामा देतो, आणि नवरी ही नेसून गौरीहरापुढे बसते आणि हीच नेसून बोहल्यावर उभी राहते. आज दुकानात अष्टपुत्री मागितली तर पिवळी रेशमी, लाल काठाची, जरीची साडी पुढे येते, छान असते ती, पण जुन्या साध्या घरांमधली अष्टपुत्री बऱ्याचदा साधं सुती कापड असायचं, घरीच हळदीत बुडवून सावलीत वाळवलेलं, कडेला कुंकवाची बोटं लावलेली. बास. लग्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वस्त्र हे सगळ्यात स्वस्त वस्त्र असू शकायचं, कारण त्याची किंमत जरीत नव्हती, ते कोरं असण्यात आणि मामाकडून येण्यात होती. कोऱ्या कापडाचा हा आग्रह फार जुना आहे, गृह्यसूत्रांमध्ये, म्हणजे घरगुती विधींच्या प्राचीन ग्रंथांमध्ये, विधीसाठी "अहत" वस्त्र सांगितलंय, म्हणजे नवं, न धुतलेलं, न वापरलेलं. त्याहूनही मागे गेलीस तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सूर्यासूक्तात नवरीच्या वस्त्राचा उल्लेख आहे, त्याला वाधूय म्हटलंय, आणि ते वस्त्र लग्नानंतर जाणत्या ब्राह्मणाला देऊन टाकायचं असं तिथे आहे. म्हणजे नवरीचं वस्त्र आयुष्यभर कपाटात जपून ठेवायचं ही कल्पनासुद्धा सगळ्या काळात नव्हती.

हळदीच्या रंगाबद्दल एक सांगते, कारण जुन्या अष्टपुत्र्या आज कुठे दिसत नाहीत त्यामागे हा रंग पण आहे. हळद कापडावर पटकन चढते, तुरटी वगैरे काही लागत नाही, पण टिकत नाही. उन्हात उडते, साबण किंवा सोडा लागला की लालसर होते, कुंकू बनतं तेही हळदीला चुना-टाकणखारासारखं काही लावूनच ना, तोच प्रकार. त्यामुळे दोन-चार धुण्यांत अष्टपुत्री फिकट होऊन साधं कापड व्हायची, पुढे त्याची बाळाची दुपटी व्हायची, लंगोट व्हायचे, मग ते विरून जायचं. शालू उरला कारण तो कधीतरीच नेसला जायचा, अष्टपुत्री वापरून संपली. म्हणून संग्रहालयांत बघायला गेलीस की भरजरी तेवढं दिसतं आणि वाटतं की पूर्वी सगळ्या नवऱ्या भरजरीच नेसत असतील. उरलेल्या कपड्यांवरून इतिहास वाचताना हा धोका कायम असतो, गरिबाचा कपडा मागे राहत नाही.

दुसरी गोष्ट, जी पेशवाई लूक म्हणताना कोणाच्या मनात येत नाही, ती नवरीच्या वयाची. पेशवाईत आणि त्यानंतरही बराच काळ, निदान ब्राह्मण आणि इतर वरच्या घरांमध्ये, नवरी आठ-नऊ वर्षांची पोर असायची. आनंदीबाई जोशींचं लग्न झालं १८७४ मध्ये, त्या तेव्हा ९ वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे १८७३ मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा ११ वर्षांच्या, आणि माधवराव रानडे एकतिशीचे. एवढ्या मुलीला आठ मीटरचं जरीचं लुगडं कसं नेसवणार? रोज परकर-पोलकं घालणारी मुलगी ती. तिच्यासाठी लहान पन्ह्याची, कमी लांबीची चिरडी असायची, ती कशीबशी कमरेला आवळून बांधायची, दागिने मात्र मोठ्या बायकांचे, नथीचा भार नाकाला सोसवत नाही म्हणून दोऱ्याने केसांत अडकवलेली. मामाने उचलून बोहल्यावर आणायची पद्धत आज गंमत म्हणून करतात, तेव्हा मुलगी खरंच कडेवर मावण्याएवढी होती. शारदा कायदा १९२९ चा, त्याने मुलीचं वय किमान १४ केलं, आणि वय वाढत गेलं तसं मग पूर्ण मापाचं लुगडं नेसलेली, स्वतःच्या आवडीचा रंग सांगणारी नवरी मांडवात दिसायला लागली. म्हणजे आज आपण "पेशवाई नवरी" म्हणून जी पंचविशीची, ठसठशीत, काष्टा घालून ताठ उभी राहिलेली बाई बघतो ती त्या काळातली नवरी नाही, फार तर त्या काळातली लग्नाला आलेली मोठ्या घरची सुवासिनी आहे. हे वाचून तुला तो लूक नकोसा वाटावा असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण माहीत असावं.

शालू आणि पैठणीकडे येऊ. शालू म्हणजे बनारसचा, रेशमावर जरीचे बुट्टे, वेल, आणि तो बहुतेक घरांत सासरकडून यायचा, लग्न लागल्यावर नेसायचा किंवा पुढे लक्ष्मीपूजनाला. पैठणी गोदाकाठच्या पैठणची, पुढे येवल्यात जास्त विणली जाऊ लागली. पेशव्यांना ही वस्त्रं फार आवडायची, माधवराव पेशव्यांनी पैठणहून असावली म्हणजे वेलफुलांच्या नक्षीचे दुपट्टे वेगवेगळ्या रंगांत मागवल्याची नोंद प्रसिद्ध आहे. चंदेरी होती, महेश्वरी होती, अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला विणकर वसवले ते सगळ्यांना माहितीच आहे. पण ही सरदार-सावकारांची वस्त्रं. बाकीच्या घरांत दक्षिणेकडे इरकली, नारायणपेठी, विदर्भात भंडाऱ्याकडची टसरची करवती काठाची साडी, आणि सगळीकडेच सुती लुगडी. शिवाय एक शालू घरात असला की तो चार लग्नांत फिरायचा, जावेचा, नणंदेचा, वेळेला शेजारणीचा. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

घरात शालू आणि पैठणी यात बऱ्याच जणांचा गोंधळ असतो म्हणून ओळख सांगते. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून बघ, मागे-पुढे नक्षी जवळजवळ सारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, तेवढ्याच जागेपुरता फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतात, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. शालूत नक्षीची जर ही जादा बाण्याने घातलेली असते, त्यामुळे मागची बाजू वेगळी दिसते, काही प्रकारांत धागे मोकळे असतात किंवा कातरलेले असतात. जुन्या पैठण्यांत जमीन सुती आणि काठ-पदरालाच रेशीम-जर असाही प्रकार होता, तेव्हा हाताला सुती लागलं म्हणून ती खोटी असं समजू नकोस.

आता बुटीकवालीचा पेशवाई लूक सुटा करून बघू. राजलक्ष्मी, शाही मस्तानी, पेशवाई ही नावं शिवलेल्या नऊवारीच्या पॅटर्नची आहेत, ती दुकानांतून आलीत, जुन्या घरांतून नाही. पेशवाईत शिवलेलं लुगडं हा प्रकारच नव्हता, लुगडं म्हणजे अखंड वस्त्र आणि विधीला तर अखंडच लागायचं. काष्टा घालून नेसायची पद्धत जुनीच, त्यात वाद नाही. चोळी मात्र आजच्या डिझायनर ब्लाऊजसारखी नव्हती, खणाची, अंगाला घट्ट, कोपरापर्यंत बाही आणि पुढे गाठ मारलेली, हुक नाहीत बटणं नाहीत. मागे दोऱ्या आणि लटकन असतात ते सगळं अलीकडचं. आणि मधल्या काळात, साधारण १८९० ते १९२० च्या फोटोंत बघितलंस तर सुशिक्षित घरांतल्या बायका नऊवारीवर लांब बाह्यांचं, लेस लावलेलं, कधी खांद्याला फुगा असलेलं जाकीट घालतात, ते विलायती वळण होतं, आणि तेव्हाच्या म्हाताऱ्यांना ते आवडलं नव्हतं. आज ते कोणी पारंपरिक म्हणून करत नाही, मला तर ते फार सुंदर वाटतं, एखाद्या नवरीने मागितलं तर मी आनंदाने करून देईन.

खांद्यावर पिनअप केलेला शेला पण आजचा. शेल्याचं खरं काम नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ बांधायचं, तो अंगावर घ्यायचं वस्त्र होता, सजावटीचा पट्टा नव्हता. नथ जुनी, पण फार प्राचीन नाही, आपल्या प्राचीन लेण्यांतल्या शिल्पांत बायका दागिन्यांनी मढलेल्या आहेत पण नाकात काही नाही, ती पुढच्या काळातली. तन्मणी, चिंचपेटी, ठुशी, वज्रटीक, गोठ, पाटल्या, तोडे हे सगळं खरं जुनं. पण कोल्हापुरी साज, ठुशी, मोत्याचा तन्मणी, मोहनमाळ आणि लक्ष्मीहार हे सगळं एका गळ्यात एकदम घालायचं हे नाटक-सिनेमातून आलंय, स्टेजवर लांबून दिसावं म्हणून आम्हीच ते करतो. घरोघरी असेल ते घालायचे. हिरवा चुडा आणि मुंडावळ्या मात्र गरीब-श्रीमंत सगळ्यांना समान, आणि माझ्या मते मराठी नवरी ओळखू येते ती यांवरूनच, पैठणीवरून नाही.

बरं, काष्टा म्हटला तरी कोणाचा? ब्राह्मणी नेसण वेगळी, ओचा मोठा, काष्ट्याचे काठ मागे नीट दिसतील असे. मराठा घराण्यांत पाय जास्त झाकलेले आणि पदर डोक्यावरून घेतलेला. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत, घट्ट, वरून वेगळी ओढणी. गोव्यात कुणबी बायकांची खांद्यावर गाठ मारून नेसायची पद्धत, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तर नवरीचा पांढरा गाऊन आल्यावरही सासरकडून येणारा लाल साडो आणि हातात चुडा राहिलाच, शिंप्याला बोलावून तो साडो बेतायचा सुद्धा समारंभ असतो. मला हे फार बोलकं वाटतं, धर्म बदलला, राज्यकर्ते बदलले, तरी सासरचं लाल वस्त्र आणि काकणं सुटली नाहीत. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती, लोकांतही लुगडं टिकलंय. तर पारंपरिक म्हणजे तुझ्या घरचं काय ते आधी विचार, आत्याला विचार, आजीच्या बहिणी असतील तर त्यांना फोन कर, बुटीकला ते माहीत असायचं कारण नाही. प्रश्नही नेमका विचार, "तुम्ही काय नेसला होतात" असं नको, "लग्न लागताना काय होतं, ते कोणी दिलं, होमाला बदललं का, सासरी गेल्यावर काय नेसवलं" असं, म्हणजे आठवणी भराभर निघतात.

आता पणजीचा काळा फोटो. हे मी पुष्कळांना सांगितलंय आणि प्रत्येक वेळी लोकांचा विश्वास बसत नाही. ते लुगडं बहुधा काळं नाहीच. जुन्या काचेवरच्या आणि सुरुवातीच्या फिल्मवरच्या रसायनाला निळा प्रकाश तेवढा चांगला पकडता यायचा, पिवळा फार कमी आणि लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे लाल लुगडं फोटोत काळं येतं, गडद पिवळं पण काळपट येतं, आणि उलट निळं फिकं, कधी पांढऱ्यासारखं दिसतं. सगळे रंग नीट पकडणारी फिल्म विसाव्या शतकात आली आणि आपल्याकडे गावोगावच्या स्टुडिओंत पोचायला अजून वेळ गेला. तुझ्या पणजीचा फोटो तू म्हणतेस तसा १९२५ च्या आसपासचा असेल तर ते लुगडं लाल किंवा कुंकवाच्या रंगाचं असायची शक्यता खूप जास्त. काळी चंद्रकळा आपल्याकडे होती आणि फार लाडकी होती, पण ती लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, हलव्याच्या दागिन्यांबरोबर. बोहल्यावर नाही. हां, आणि अजून एक, तेव्हा लग्नाचा फोटो लग्नाच्या दिवशीच काढलेला असेल असं नाही. फोटोग्राफर मांडवात क्वचित यायचा, बरीच जोडपी नंतर तालुक्याच्या गावी जाऊन स्टुडिओत पडद्यापुढे उभी राहायची, तेव्हा जे चांगलं असेल ते नेसून. म्हणून फोटोच्या मागे काही लिहिलंय का बघ, पायात काय आहे बघ, मुंडावळ्या आहेत का बघ. मुंडावळ्या नसतील तर तो लग्नाच्या दिवसाचा फोटो नव्हे असं धरून चाल. आणि हाताने रंग भरलेला फोटो असेल तर त्यातल्या रंगावर अजिबात जाऊ नकोस, तो रंग भरणाऱ्याच्या पसंतीचा असतो.

नऊवारीवरून पाचवारी-सहावारीवर आपण कसे आलो तेही थोडं सांगते, कारण तुझी आजी गोल साडीत, म्हणजे काष्टा नसलेल्या पाचवारी-सहावारीत, लग्नाला उभी असेल आणि तुला वाटेल की आजीने परंपरा सोडली. मुंबईत पारशी बायका परकरावर साडी नेसायच्या, ज्ञानदानंदिनी देवी टागोर १८६० च्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे मुंबईत राहिल्या तेव्हा त्यांनी ती पद्धत उचलून थोडी बदलली आणि बंगालात नेली. आपल्याकडे ती हळूहळू शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींमधून आली. बडोद्याच्या सयाजीरावांची मुलगी इंदिराराजे, लग्नानंतर कूचबिहारच्या महाराणी, त्यांनी शिफॉनच्या साड्यांची फॅशन आणली, ती साडी काष्ट्याची नव्हेच. मग दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई, १९४३ मध्ये सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणलं, आणि नऊ वारांपेक्षा पाच-सहा वारांत भागतंय हे प्रत्येक घराला परवडणारं होतं. तेव्हाच्या घरांतून यावर भांडणं झालीत, गोल साडी नेसलेली सून देवघरात नको म्हणणाऱ्या सासवा होत्या. त्यामुळे तडजोड अशी निघाली की विधीपुरती नऊवारी आणि रिसेप्शनला गोल साडी, आणि बघ, ती तडजोड आज "परंपरा" झालीय. बालगंधर्वांचं नाव इथे घ्यायलाच हवं. एक पुरुष स्टेजवर ज्या पद्धतीने शालू-पैठणी नेसायचा, पदर घ्यायचा, केसांत फुलं माळायचा, ते बघून पुण्या-मुंबईच्या खानदानी बायका तसं करायच्या. म्हणजे नाटक-सिनेमा बघून नवरीने सजणं हे आजच्या पोरींचं खूळ नाही, शंभर वर्षांपूर्वीच्या पणज्यांनीही तेच केलंय, म्हणून पेशवाई लूक करणाऱ्या मुलींना नावं ठेवणारे मला आवडत नाहीत.

नवऱ्या मुलाचं एका दमात सांगते. सोवळं किंवा धोतर, उपरणं, अंगरखा, डोक्याला पागोटं किंवा पगडी, त्यावर बाशिंग, पुढे कोट आणि काळी टोपी, मग सूट, सफारी, आता शेरवानी. शेरवानी आपली नाही पण सूट तरी कुठे होता. होमाला बसताना सोवळं नेसलं की बाकी त्याला हवं ते घालू दे.

आता तुझा शालू. का कापायचा नाही ते ऐक. एक तर शंभर वर्षांचं रेशीम घडीच्या रेषांवर आतून तुटलेलं असतं, वरून कळत नाही. खिडकीशी नेऊन एक थर उजेडासमोर धर, घडीवर बारीक चिरा दिसल्या तर तो ताण सहन करणार नाही. शिवलेल्या नऊवारीत सगळा ताण शिवणीवर येतो, तू होमाला मांडी घालून बसलीस की सुईच्या भोकांच्या रेषेत तो उभा फाटणार, आणि ते फाटणं दुरुस्त होत नाही. दुसरं म्हणजे अशी वस्त्रं उरलीच फार थोडी. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. भाव चढले की घरोघरी जुने शालू बोहारणीला दिले गेले, भांड्यांच्या बदल्यात, आणि पुढे ते जाळून राखेतून चांदी काढली गेली. किती पैठण्या अशा गेल्या त्याचा हिशोब नाही. तुझ्या घरातला वाचलाय ना, मग तो आता तरी अखंड राहू दे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रं बघून ये एकदा, म्हणजे घरात काय आहे ते कळेल.

ठेवायचा कसा तेही लिहून ठेव. प्लास्टिकची पिशवी नको, हँगर नको, डांबरगोळी त्याला लागता कामा नये. खळ काढलेल्या, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत सैल गुंडाळ, घडीच्या आत मलमलीचाच बोळा घाल म्हणजे घडी धारदार पडणार नाही, आणि तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदल. अत्तर, परफ्यूम, हेअरस्प्रे त्याच्या जवळपास नको, त्याने जरीची तार काळी पडते. कुठे फाटला असेल तर गोंद, फॅब्रिक ग्लू, इस्त्रीची चिकटपट्टी असलं काही लावू नकोस, मागून पातळ रेशमी कापडाचा आधार देऊन बारीक टाक्यांनी धरता येतो, ते काम जाणणारीकडूनच करून घे. ड्रायक्लीनला पण देऊ नकोस.

लग्नात वापरायचा असेल तर उजेडात बघितल्यावर रेशीम धड निघालं तरच, आणि थोड्या वेळापुरता, बसून करायच्या विधीला, लक्ष्मीपूजनाला वगैरे, पिन न लावता खांद्यावरून घे. पिन अजिबात नाही. धड नसेल तर रुखवतात सपाट मांडून ठेव, शेजारी पणजीचा फोटो ठेव, लोक थांबून बघतात आणि म्हाताऱ्या बायका आपापल्या लग्नाचं सांगायला लागतात.

बाकी तुझ्यासाठी मी काय करेन विचारशील तर लग्न लागताना पिवळी अष्टपुत्रीच, सुती किंवा सुती-रेशमी, अखंड, खरी नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, नुसतं "नऊवारी" लेबल बघून घेऊ नकोस, दुकानात मोजून घे. मामाला सांग ती त्याने घ्यायची आहे, त्याला हे माहीत नसेल तर आनंदच होईल. होमाला आणि सप्तपदीला सासरची साडी, ती सहावारी असली तरी हरकत नाही. आणि संध्याकाळी तुला पेशवाई लूक करायचाय तर खुशाल कर, नव्या साडीची शिवून घे, नाव काहीही दे, त्यात काही चूक नाही. फक्त विधीला शिवलेली नको एवढं माझं म्हणणं, ते फक्त शास्त्रासाठी नाही तर तुझ्या सोयीसाठी पण आहे, नीट नेसवलेली सुती नऊवारी चार-पाच तास हलत नाही, पाटावर बसता येतं, उठता येतं, भरपेट जेवता येतं, आणि चेनवाली शिवलेली असली की बाथरूमला जाताना दोन मैत्रिणी बरोबर लागतात. महिनाभर आधी घरात दोन-तीनदा नेसून बघ, जुन्या सुती कापडावर सराव कर, निऱ्या बेंबीच्या थोड्या खाली, काष्टा ओढताना गुडघे किंचित वाकवलेले, ताठ उभं राहून काष्टा ओढला की बसताना तो निसटतो. नेसवणारी बाई ठरवताना तिला विचार की पिना किती लावते. दहा-बारा पिना म्हणाली तर दुसरी बघ.

शालूचा फोटो पाठवताना पदराची उलटी बाजू दिवसाच्या उजेडात काढून पाठव, आणि जरीची तार काळसर-करडी पडलीय की तांबूस ते जवळून दिसू दे. करडी असेल तर चांदीची असण्याची शक्यता जास्त, तांबूस असेल तर तांब्याची. धागा जाळून बघायला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.